टेकचा सप्ताह

इंग्रजीतला ‘टेक’ हा शब्द ज्यानं काढला, तो माणूस मला एकदा भेटायला पाहिजे होता. मी त्याला काही बोलले नसते. नुसतं खडीच्या ढिगावर बसवलं असतं, हातात हातोडा दिला असता आणि म्हटलं असतं, आता घे, ने, काढ, पी, समज, सगळं एकाच शब्दानं कर.

मी मनकर्णा. त्र्याहत्तर साली मी मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा नापास झालेली होते. बाकीचे विषय सुटले होते. वडील मी लहान असतानाच गेले, त्यामुळं घरात कर्ते म्हणजे चुलते, सहादेवतात्या. त्यांनी स्वच्छ सांगून टाकलं होतं, “मार्चात पास झाली तर नगरला नर्सिंगला जाऊ द्या. न्हाई झाली तर वैशाखात सुप्याच्या गिरनीवाल्याला देऊन टाकू.” गिरणीवाला बिजवर होता. दुष्काळात दळायला काही नव्हतं, गिरण बंद होती, म्हणून त्याला लग्नाला सवड होती. माझ्या आईचं नाव गोजरबाई. ती सकाळी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि संध्याकाळी बोटांना चिंध्या गुंडाळून परत यायची. मला नर्स व्हायचं होतं असं काही नाही. मला गिरणीवाला नको होता.

आम्हाला इंग्रजी शिकवायला विल्सन सर होते. उंच, बारीक, आणि कधी आवाज न चढवणारे. मला त्यांच्या या गुणाचा फार राग यायचा. माणसानं ओरडलं म्हणजे आपल्यालाही उलट बोलता येतं. सरांनी जुन्या प्रश्नपत्रिका पाहून हिशेब काढला होता. गेल्या मार्चात ‘गेट’ आला, ऑक्टोबरात ‘मेक’ आला, म्हणजे आता ‘टेक’. त्याचे अर्थ आणि वाक्प्रचार त्यांनी फळाभर लिहिले. विमान उडालं तरी टेक ऑफ आणि अंगातला सदरा काढला तरी टेक ऑफ. पोरगी आईच्या वळणावर गेली तर टेक आफ्टर.

मी म्हणाले, “सर, एका शब्दाला इतके अर्थ असतात का कुठं?”

सर म्हणाले, “तुला भूक लागते. ठेच लागते. कुत्रं मागं लागतं. गोरक्षच्या भावाला नागापूरला नोकरी लागली. हे तुला कुणी शिकवलं?”

“ते शिकवावं नाही लागलं.”

“बघ,” सर म्हणाले, आणि फळा पुसायला लागले.

फळा पुसला की आमचीही डोकी पुसली जायची. पण सरांनी एक गोष्ट हेरली होती. जी पोरं वर्गात दोन ओळी पाठ म्हणू शकत नव्हती, ती देवळात अभंगामागून अभंग न अडखळता म्हणायची. आमच्या गावात दर माघात मारुतीच्या देवळात सप्ताह व्हायचा. सात दिवस अखंड पहारा, पाळीपाळीनं माणसं उभी, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात. वीणा जमिनीला लावायची नाही आणि नाम तोडायचं नाही. त्या वर्षी पंगतीला धान्य नव्हतं, म्हणून सप्ताह रद्द झाला होता. सर भजनी मंडळाच्या आप्पासाहेबांकडं गेले आणि म्हणाले, या सात दिवसांत मी देवळात टेक बसवतो.

आप्पासाहेबांनी पुष्कळ वेळ तंबाखू मळली. “पोरं पास व्हतील?”

“होतील.”

“मारुतीला विंग्रजी येत नसंल.”

“ऐकून ऐकून येईल,” सर म्हणाले.

देवळातली वीणा दुरुस्तीला म्हणून नगरला गेली होती, ती तिकडंच राहिली होती. सरांनी आपल्या वडिलांची आणली. ते चर्चमध्ये कीर्तन करायचे. वीणा आणताना सर एवढंच म्हणाले की जपा, वडिलांची दुसरी वस्तू माझ्याकडं नाही. आप्पासाहेबांनी तिला बुक्का लावला आणि माझ्याकडं बघून अट घातली, पोरीनं टाळ धरावा, वीणा पोरांनीच घ्यावी, आपल्या गावात बाईनं वीणा घेतलेली नाही. मला राग आला, पण टाळ धरला.

असा आमचा सप्ताह बसला. आम्ही सगळे नापास, गोरक्ष आणि सरांचा पुतण्या दानीएल धरून. एकानं वीणा छेडत म्हणायचं, “टेक केअर,” बाकीच्यांनी टाळावर, “काळजी घे, काळजी घे.” “टेक हार्ट.” “धीर धर, धीर धर.” चालीवर चांगलं बसत होतं. म्हातारी माणसं नेमानं येऊन खांबाला टेकून बसायची. आप्पासाहेब दुसऱ्या दिवशी म्हणाले, “दिवसभर टेक म्हनता आन् पोरांना टेकू देत न्हाई.” एवढी एकच तक्रार आली.

सरांनी आणखी एक नेम घातला होता. देवळाच्या पायरीच्या आत आम्ही आपसात मराठी बोलायचं नाही. सर स्वतः दाराशी बसून सारखं काहीतरी सांगत राहायचे. दानीएल बोडक्या डोक्यानं वीणेला हात लावायला गेला की, “पुट ऑन युवर कॅप.” वाऱ्यानं समई फडफडली आणि गोरक्ष हातानं वारा घालायला लागला की, “डोन्ट पुट आउट द लॅम्प.” गोरक्षला आपली पाळी नेहमी उद्यावर ढकलायची असायची, त्याला, “डोन्ट पुट इट ऑफ.” मी चिलटांनी हैराण होऊन टाळानंच मारायला लागले तर, “मनकर्णा, पुट अप विथ देम.” मला वाटायचं, सोसायला सांगायला हा माणूस मलाच बरा शोधतो. आणि वीणा एकाकडून दुसऱ्याकडं जाताना दर वेळी एकच, “डोन्ट पुट इट डाउन.” हे शिकवणं नव्हतं. ही नुसती कटकट होती, आणि आम्ही तिच्याकडं कटकटीसारखंच बघायचो.

पाचव्या दिवशी दुपारी टँकर आला. बरेच दिवस आला नव्हता. गावात हाक फिरली आणि देवळातली म्हातारी माणसंसुद्धा उठून पळाली. सर तालुक्याला फॉर्मांच्या कामाला गेले होते. वीणा गोरक्षच्या गळ्यात होती. त्यानं ती काढली, माझ्या गळ्यात घातली आणि म्हणाला, “टेक इट.” नेम पाळून पळाला तो. बाकीचेही गेले.

मी एकटी उरले. वीणा काही फार जड नसते. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं, ऊन डोक्यावर, आणि मी म्हणत होते, टेक ऑफ, टेक आफ्टर, टेक इन, आणि कशाचाच अर्थ आठवत नव्हता. बघता बघता खांब हलायला लागला. ठेवून द्यावी खाली, असं मनात आलं. बघायला होतं कोण. पण ठेवली असती तर मी नापास होणार हे मला तेव्हा नक्की वाटत होतं, आणि आजही त्यात मला काही चुकीचं वाटत नाही. मी रडत होते आणि रडत रडत टेक म्हणत होते.

तेवढ्यात आई आली. कामावर मिळालेली सुकडी स्वतः न खाता पदरात बांधून मला द्यायला आली होती. तिनं माझं तोंड बघितलं आणि वीणा माझ्या गळ्यातून काढून आपल्या गळ्यात घातली.

“खाऊन घे आन् पड तितं,” ती म्हणाली. “काय म्हनायचं आसतं?”

“टेक.”

“फुडं?”

“पुढं लई आहे, आई. तुला नाही यायचं.”

“मग येवढंच म्हनते.”

मी सुकडी खाल्ली आणि भिंतीशी झोपले. जागी झाले तेव्हा उन्हं कलली होती. आई तिथंच, तशीच उभी होती. चिंध्या बांधलेली बोटं तारेवर फिरत होती, चिंधी लाल झाली होती आणि ती म्हणत होती, टेक, टेक, टेक. कसलाही अर्थ नाही, पुढं काही नाही. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली होती. मी उठून वीणा घ्यायला गेले तर मानेनं नको म्हणाली. टँकरवरून माणसं परतली, आप्पासाहेब दारात थांबले. बाईच्या गळ्यात वीणा. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

“गोजरबाय, मधी खाली ठिवली का?”

आईनं टेक न थांबवता मानेनंच नाही म्हटलं.

“मग झालं,” आप्पासाहेब म्हणाले, आणि टाळ घेऊन तिच्यामागं उभे राहिले.

मार्चात पारनेरला परीक्षा झाली. इंग्रजीचा पेपर हातात आला आणि मी आधी तोच प्रश्न शोधला. टेक नव्हता. ‘पुट’ होता. पुटचे पाच वाक्प्रचार वापरून स्वतःची वाक्यं करा. पुढच्या बाकावर गोरक्षनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. त्यानं नंतर सांगितलं की त्यानं त्या प्रश्नात टेकचे सगळे अर्थ लिहून दिले, कारण पाठ केलेलं वाया कशाला घालवायचं.

मी पेन खाली ठेवलं. सप्ताह वाया गेला, गिरणीवाला आला, असं म्हणून डोळे मिटले. तर डोळ्यांपुढं देऊळ आलं आणि दाराशी बसलेले सर कटकट करायला लागले. मी पेन उचललं आणि लिहिलं. दानीएल पुट ऑन अ कॅप. गोरक्ष पुट ऑफ हिज टर्न. वी डिड नॉट पुट आउट द लॅम्प. आय पुट अप विथ द फ्लाइज. चिलटांना इंग्रजीत काय म्हणतात ते मला अजूनही माहीत नाही. मग पाचवं वाक्य लिहिलं. माय मदर डिड नॉट पुट इट डाउन. ‘इट’ म्हणजे काय, हे तपासणाऱ्याला कळायचं काही कारण नव्हतं. पण ते वाक्य मी दोनदा वाचलं आणि मला रडू आलं. सुपरव्हायझरला वाटलं पेपर अवघड गेला. त्यानं मला पाणी दिलं, तेही दुष्काळात.

संध्याकाळी आई कामावरून आली ती दारातच थांबली.

“आल्ता का टेक?”

मी तिच्या बोटांकडं बघितलं. “आला होता,” मी म्हणाले. “तू म्हणलीस तसाच आला.”

“मला वाटलंच,” आई म्हणाली, आणि चूल पेटवायला गेली.

काठावर पास झाले. तात्यांनी सुप्याला नकाराचा निरोप धाडला. जून महिन्यात नगरची एसटी धरायला आई माझी ट्रंक डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत आली. गाडीला उशीर होता. मी दोनदा म्हणाले, आई, ट्रंक खाली ठेव. ती म्हणाली, आसू दे, आता यील गाडी. गाडी तासाभरानं आली.