रेशमाने केलेली नसीम

रेशमाने ओढणी डोक्यावरून घेतली, टोक कानामागे खोचलं, कमरेवर हात टेकवून कण्हत कण्हत उठली, आणि हॉलमध्ये एकच हशा पिकला.

"नसीमखाला! अगदी नसीमखालाच!" मागच्या रांगेतली पोरं ओरडली.

नसीम तिसऱ्या रांगेत बसली होती. तिलाही हसू आलं. आपण अशा उठतो होय? गाद्यांच्या खोळी शिवून शिवून कंबर धरते हे खरं, पण ते पोरीने इतक्या बारकाईने पाहिलं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

सुलक्षणाताईंच्या संस्थेचं हे शिबिर. धरणगावातली आठ मुलंमुली आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची आठ. सहा दिवस पाड्यावरची मुलं गावातल्या घरांत राहिली, पुढच्या आठवड्यात गावातली तिकडे जायची. रोज दुपारी शाळेच्या हॉलात नाटकाचे खेळ, आणि आज शेवटचा दिवस म्हणून घरच्यांनाही बोलावलेलं. आजचा नियम साधाच होता. ज्या घरात राहिलात, त्या घरचं माणूस तुम्ही व्हायचं आणि त्या घरच्या मुलाने किंवा मुलीने तुम्ही व्हायचं. जे पाहिलं ते करायचं. आधी ठरवायचं नाही.

म्हणून रेशमा नसीम झाली होती, आणि नसीमची मुलगी कहकशा रेशमा होऊन चटईवर बसली होती.

रेशमा घरी पावरी बोलायची, पण सहा दिवसांत तिने नसीमची घराबाहेर बोलायची खानदेशी बोली जशीच्या तशी उचलली होती. "ओ युसूफमियाँ, पिंजणं बंद करा आते! कापूस नाकमां जाई ऱ्हायना, पोरगी शिंकी शिंकी मरी जाई!" लोक पुन्हा हसले. नसीमचा नवरा युसूफ गादी पोचवायला एरंडोलला गेला होता म्हणून वाचला.

मग रेशमाने हवेत हात उंचावला. फळीवरचे तीन ग्लास काढून ठेवले. थोडं पलीकडे सरकली. खिडकीशेजारी टाचा उचलून दुसऱ्याच फळीवरून चौथा ग्लास काढला. तो दोन बोटांनी काठाला धरला, अंगापासून लांब, आणि चटईपुढे टेकवला.

"हाऊ गिलास तुना शे. बाकीना बठ्ठा आम्हना. त्यासमा मिसळू नको हां, पोरी."

हसू एकदम थांबलं नाही. आधी पुढची रांग गप्प झाली, मग मागची.

शेजारच्या खुर्चीवरच्या बेबाबाई नसीमकडे कलल्या. पलीकडच्या गल्लीतलं मोठं शेतीवालं घर त्यांचं. नातू हितेंद्र शिबिरात होता म्हणून आल्या होत्या.

"तू बी असं करस का वं?" त्या कुजबुजल्या. "लोके उगा आम्हलेच नावं ठेवतस."

नसीमने स्टेजवरच्या त्या नसलेल्या ग्लासकडे पुन्हा पाहिलं.

सुलक्षणाताईंनी विचारलं तेव्हा 'एक मुलगी माझ्याकडे' असं तीच पहिल्यांदा म्हणाली होती. काळजी सुरू झाली ती घरी आल्यावर. परक्या जमातीची पोर. आपल्या भांड्यांत गोश्त शिजतं. तिला चाललं नाही तर? लाजेपोटी बोलली नाही आणि उपाशी राहिली तर? मग नसीमने बाजारातून नवं ताट, नवी वाटी, नवा ग्लास आणला. घरातल्या कुणाचा हात लागू नये म्हणून खिडकीजवळच्या फळीवर वेगळं ठेवलं. देतानासुद्धा आपली बोटं आत जाऊ नयेत म्हणून काठालाच धरलं. सहा दिवस घरात अंडं आलं नाही. खास तिच्यासाठी म्हणून वेगळा ठेवलेला, चकचकीत, कुणाचं तोंड न लागलेला ग्लास. पाहुण्याला देण्यासारखा याहून मोठा मान तिला सुचलाच नव्हता.

"अम्मी, पूछ तो लूँ उसको?" कहकशा पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

"मेहमान को ऐसा पूछते क्या? शरमाएगी बिचारी."

म्हणून कुणी विचारलं नाही. रेशमाही निमूट डाळभाजी खात राहिली. आज सकाळी तिने आपलं कपड्यांचं गाठोडं बांधलं आणि उचलू लागलेल्या कहकशाच्या हातातून काढून घेतलं. नसीमला वाटलं, घरची ओढ लागली असेल. खेळ संपला की लगेच पाड्याकडची जीप सुटणार होती.

स्टेजवर कहकशाने मान खाली घातली होती. एकदाच तिने वर पाहिलं, सरळ आईकडे. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

सुलक्षणाताई पुढे आल्या. "हे वेगळं व्हायला हवं होतं असं कुणाला वाटतं? रोजचाच नियम. खुर्चीवरून बोलायचं नाही. वर यायचं, कुणाची तरी जागा घ्यायची, आणि करून दाखवायचं."

नसीम उठली. "ताई, मना मनमां तसं काही—"

"बोलायचं नाही, नसीमताई," सुलक्षणाताई हळूच म्हणाल्या. "या, वर या."

स्टेजला दोनच पायऱ्या होत्या. आयुष्यात ती कधी चार माणसांसमोर उभी राहिली नव्हती. लग्नातसुद्धा तिच्या वतीने 'कबूल' सांगायला मामू बाहेर गेले होते. ती आता आपली बाजू मांडणार, आपलीच जागा घेणार, असं सगळ्यांनी धरलं. रेशमानेही डोक्यावरची ओढणी सोडायला हात नेला.

नसीमने मान हलवली. वाकून कहकशाच्या खांद्याला हात लावला, ऊठ म्हणून.

"तुम्ही रेशमा होणार?" सुलक्षणाताईंनी विचारलं.

नसीमने मान डोलावली.

पण ती चटईवर बसली नाही. सांगायचं सगळं वाक्य ओठांवर तयार होतं, ते तर खालीच सोडून यावं लागलं होतं. वर आल्यावर तिला उरलं फक्त अंग, आणि अंगाला दुसरंच काही आठवत होतं. ती चटईपासून लांब गेली. एखाद्या अंगणाची हद्द संपावी तशा जागी, स्टेजच्या कडेला, उघड्या फरशीवर उकिडवी बसली.

रेशमा क्षणभर घुटमळली. मग खेळ चालू ठेवायचा म्हणून तिने तोच नसलेला ग्लास काठाला धरून पुढे केला.

नसीमने तो घेतला नाही. नजर जमिनीवर ठेवली. दोन्ही तळवे जोडले, कोपरं पोटाशी घट्ट आवळली, आणि ओंजळ हनुवटीखाली धरली.

कोपरं आवळायची असतात हे ती अकराव्या वर्षी शिकली होती. आईच्या मागे कपाशी निंदायला जायची तेव्हा. दुपारी शेतीवाल्या मोठ्या घरी, मालकिणीच्या अंगणात, बाकीच्या बायांना तांब्या मिळायचा. या मुसलमान मायलेकींना ओंजळीत वरून धार. कोपरं सैल पडली की अर्धं पाणी मनगटावरून वाहून जायचं, आणि दुसऱ्यांदा मागायची सोय नव्हती.

रेशमाचा हात ओंजळ पाहून कलायला लागला होता, आपसूक, ओतायलाच. तो मध्येच थांबला. ती त्या ओंजळीकडे बघत राहिली. मग तिने ओढणी खांद्यावर पाडली आणि खाली वाकली.

"कठे?" तिने विचारलं. हे नाटकातलं नव्हतं. हळू होतं, पण पहिल्या रांगांना ऐकू गेलं.

"निंदाले जाऊत तवय," नसीम म्हणाली. ती कुणाकडेही बघत नव्हती. "मनी माय आनि मी."

"आम्ही बी. कापूसना जिनिंगवर. मनी माय आनि मी."

रेशमाने ओंजळीवरची नजर उचलली. ती म्हणाली, "खाला, मी तं बठ्ठं खास, गोश्त बी. सहा दिन तुमनं मटण कवय शिजस त्यानी वाट देखी ऱ्हायनू मी."

कहकशाच्या तोंडून हसू फुटलं आणि तिथेच तिला रडू आलं.

"माले वाटनं, तुले मान देस मी," नसीम म्हणाली.

"माले काय माहीत?"

"तू इचारं का नई वं?"

"तुमी सांगं का नई?"

रेशमा तिच्या शेजारी उकिडवी बसली, खांद्याला खांदा लावून. कोपरं पोटाशी आवळली आणि आपलीही ओंजळ हनुवटीखाली धरली. दोघी समोर बघत राहिल्या. तिथे पाणी ओतायला आता कुणीच उभं नव्हतं.

प्रवेश संपला की सुलक्षणाताई टाळी वाजवत. त्यांनी हात वर नेले आणि तसेच खाली घेतले.

तिसऱ्या रांगेत एक खुर्ची करकरली. बेबाबाई अर्ध्या उठल्या होत्या. समोरच्या खुर्चीच्या पाठीला धरून त्या थोडा वेळ तशाच वाकून राहिल्या, स्टेजच्या दोन पायऱ्यांकडे बघत. मग पदर सारखा केला आणि परत बसल्या.