शेक आणि सुट्टी

“मी या हप्त्यात येत नाई. तुलेच जायचं असन तं जाय,” असं म्हणून देवाजीनं खाटेवर कूस बदलली आणि शालीत तोंड खुपसलं.

त्याच्या बायकोच्या, कुंताबाईच्या हातातला पेजेचा डबा हातातच राहिला. पिशवी भरून दाराशी ठेवलेली. नागपूरची एस.टी. थोड्या वेळात फाट्यावर यायची होती.

“काहून? काय झालं?”

“काय होईन? दवाखान्यातलेच सांगते ना, अंगाले आराम पाहिजे म्हून. मंग आराम करून राहिलो.”

देवाजी तुमसरच्या राइस मिलमध्ये पोती वाहणारा माणूस. दिवस कोंड्यात जायचा आणि संध्याकाळ टाळात. मोहाडीच्या आसपास कुठंही सप्ता असो, कीर्तनकाराच्या मागं पहिला टाळ देवाजीचा. बुवांनी चरण सोडावा, देवाजीनं तो वरच्यावर झेलावा, आणि ऐकणाऱ्याला वाटावं की देव मंडपाच्या खांबाला टेकून उभा राहिला आहे. पण माणसाचं कसं असतं पाहा. देवानं ज्या तोंडात असा गळा ठेवला, त्याच तोंडात देवाजीनं तरुणपणापासून तंबाखू-सुपारीचा खर्रा ठेवला. पावसाळा सरता सरता गालात गाठ आली आणि नागपूरच्या दवाखान्यात शेक, म्हणजे किरणांचा उपचार, सुरू झाला. सोमवार ते शुक्रवार रोज थोडा वेळ यंत्राखाली निजायचं, दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत राहायचं आणि शनिवार-रविवारच्या सुट्टीला गावी यायचं.

या सुट्टीचंच देवाजीला पहिल्यांदा नवल वाटलं होतं. यंत्र चालवणारी तृप्ती पवनीकडची, आपल्याच भागातली, म्हणून बोलायला धीर झाला.

“बाई, रोग सुट्टी घेत नाई, तं मशीन काहून घेते? एकदाच काय तो सारा शेक देऊन टाका ना.”

“तसं केलं तं रोगासंगं तुमीबी जाल, मामा!” तृप्ती हसली होती. मग नीट समजावून सांगितलं होतं. “आपलं अंग बारीक बारीक पेशींचं असते. प्रत्येक पेशीत तिनं कसं वागावं ते लिहिलेलं असते. एका पेशीच्या दोन होताना ते सारं लिखाण उतरवून घ्यावं लागते. उतरवताना चुका होतात, खर्ऱ्यानं तर जास्तच. पण त्या दुरुस्त करणारेही आतच बसले आहेत. तुमच्या गालात काही चुका त्यांच्या हातून सुटल्या, अन् पुढं चुकीचंच उतरत गेलं. तोच हा रोग. शेक ते लिखाणच तोडते. चांगल्या पेशीलेही लागते, पण ती एका रातीत पुष्कळसं जोडून घेते. रोगाच्या पेशीले इतक्या लवकर जोडणं जमत नाही. तुटकंच घेऊन दोन व्हायले जाते अन् मरते. म्हणून रोज थोडा शेक, अन् मधात सुट्टी.”

देवाजीला हे इतकं आवडलं की गावात भेटेल त्याला तो सांगत सुटला, “माझ्या गालात दुरुस्ती चालू हाय!”

पण आता तोंडभर फोड आले होते. पेजही झोंबायची. आणि आजपासूनच गावात सप्ता बसत होता. दुखणं आणि टाळ दोन्हीकडून ओढू लागले, तसा तृप्तीच्या बोलण्याला देवाजीच्या डोक्यात भलताच कोंब फुटला.

“दोन दिवसांत पेशी एवढी जोडते, तं आठ दिवसांत पुरीच नाई का जोडणार? सांग ना. तृप्तीबाईच बोलली.”

बोलणं वेडंवाकडं असेल, पण कुंताबाईला त्याचं टोक सापडत नव्हतं. तेवढ्यात सप्त्याची सारी उठाठेव करणारा टिकाराम दारात उभा.

“देवाजीभाऊ, उठले का गा? मंडप झाला. पहिला टाळ कोनाचा, बुवा विचारून राहिले.”

“ते नागपूरले चालले,” कुंताबाई म्हणाली.

“एक हप्ता जाऊ द्या ना, वहिनी. देवाचं काम हाय. देव का पाहणार नाई?”

कुंताबाईनंही जन्मभर कीर्तनं ऐकली होती. देवाचं नाव काढलं की तिचं मन लोण्यासारखं व्हायचं. तीही डळमळली. पण डळमळलेलं मन घेऊन ती तिथं थांबली नाही. अंगणात गेली आणि तृप्तीला फोन लावला. सारं ऐकून तृप्ती एकदम गंभीर झाली.

“मामी, खंड पडू देऊ नका. आठवडा दिला तर रोगाच्या ज्या पेशी उरल्या आहेत त्याही सावरतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात. आतापर्यंतच्या मेहनतीवर पाणी पडेल. त्यांना घेऊनच या.”

कुंताबाई घरात आली आणि खाटेच्या पायथ्याशी बसली.

“आपल्या बांधीत करगा निघाला होता, आठवते?”

बांधी म्हणजे धानाचं शेत, आणि करगा म्हणजे तिथं धानातच उगवणारं जंगली धान. रूप हुबेहूब धानाचं. लोंबी येईपर्यंत ओळखू येत नाही, आणि दाणे आधीच झाडून पुढच्या सालची सोय करून ठेवतो.

“उपटता उपटता तुमचा पाय कापला. तवा तुमी काय म्हनलं? चार दिवस बांधी तशीच राहू दे. मी राहू देल्लं. मंग काय झालं?”

शालीतूनच आवाज आला. “करगा झडला. पुढच्या साली अर्धी बांधी त्याचीच.”

“बांधीले आराम देल्ला तं करग्यालेही आराम भेटते, बाप्पा. दोन दिवस तुमचे. आठ दिवस त्याचे. फोनवर तेच सांगतलं तृप्तीनं.”

देवाजीनं शाल बाजूला केली. डोळे भरलेले होते.

“तुले काय वाटते, मले समजत नाई? सकारी आवाज लावून पाहतो, तं फाटक्या सुपातून कोंडा गळावा तसा निघते. शेक पुरा होईस्तोवर हाही राहणार नाई. या सालचा काला गाऊन घेऊ दे, कुंता. मंग ने जिकडं न्यायचं तिकडं.”

म्हणजे आठ दिवसांचा हिशेब पेशींचा नव्हताच. टिकाराम मान खाली घालून उंबऱ्याकडे पाहत राहिला. कुंताबाईनं शालीची घडी घातली.

“देवानं गळा मांगतला तं देऊन टाकू. गळा त्याचाच होता. पन तुमी माहे. तुमाले नाई देत. उठा.”

मग टिकारामनंच दाराशी ठेवलेली पिशवी उचलली.

“चला, फाट्यावर सोडतो गाडीनं.” खालच्या आवाजात तो पुढं म्हणाला, “बुवाले सांगतो, पहिला टाळ यंदा नागपूरले गेला म्हून.”

देवाजीनं पाय खाली सोडले आणि चपला शोधू लागला.

दुपारी यंत्राच्या खोलीत त्याच्या तोंडावर जाळीचा मुखवटा बसवला, टेबलाला आवळला, आणि जड दार लागलं. काही वेळानं तो बाहेर आला तेव्हा गालावर जाळीचे वळ होते. तृप्तीनं त्याचा हात हातात घेतला.

संध्याकाळी धर्मशाळेच्या ओसरीवर चुली पेटल्या. गावोगावचे रोगी, त्यांच्या बायका, बहिणी. गावात एव्हाना हरिपाठाला सुरुवात झाली असणार. देवाजी भिंतीला टेकून बसला होता. ओठ मिटलेले, नजर कुठंच नाही.

भजनात बायकांच्या घोळक्यातही कुंताबाईचा आवाज कधी शेजारणीपलीकडे गेला नव्हता. ती पेज ढवळता ढवळता थांबली आणि तिनं हळूच हरिपाठाचा पहिला अभंग उचलला. आवाज कापरा, चाल जराशी घसरलेली. तिसऱ्या चरणात एक शब्द भलताच पडला.

देवाजीला तोंड उघडवेना. त्यानं एक बोट वर केलं.

कुंताबाई थांबली. चरणाच्या सुरुवातीला परत गेली. पुन्हा तोच शब्द चुकला. बोट वरच. शेजारच्या चुलीवरच्या बाईनं हातातला डाव तसाच धरून इकडे पाहिलं. कुंताबाईनं पदर सावरला, डोळे मिटले, तिसऱ्यांदा चरण धरला. या वेळी शब्द जागच्या जागी पडला.

बोट सावकाश गुडघ्यावर उतरलं, आणि कुंताबाई पुढच्या चरणाला लागली.