मास्तरांचे खोटे पोट

मी एक जुने खोटे पोट आहे. माणसांची पोटे वयानुसार सुटत जातात. मी मात्र जन्मापासूनच सुटलेले आहे. माझ्या आत कापडाची कातरण आहे, पाठीमागे बांधायला नाड्या आहेत आणि मधोमध बेंबी म्हणून कोटाचे एक मोठे काळे बटण आहे. सध्या माझा मुक्काम कारखान्याच्या कपाटात, वरच्या फळीवर, एका बिघडलेल्या इस्त्रीशेजारी आहे. इस्त्री फारशी बोलत नाही. म्हणून मित्रांनो, माझी हकिकत तुम्हालाच सांगते.

माझा जन्म गणवेश शिवणाऱ्या कारखान्यातला. तिथे कापड बेतून कापणारे एक मास्तर होते, आणि काज-बटणाच्या मशीनवर त्यांची थोरली बहीण होती. तिला सगळा कारखाना ताईच म्हणे. मालकसुद्धा म्हणत, आणि ते तिच्यापेक्षा वयाने मोठे होते. तिचे मशीन आणि त्यांचे टेबल शेजारी शेजारी होते. दुपारी ताई एकच मोठा डबा उघडायची आणि दोघे त्यातून जेवायचे. मास्तरांची बायको म्हणायची, "यांना माझ्या हातचं घरी चालतं, पण कारखान्यात ताईंच्याच हातचं लागतं."

मास्तरांना नकलांचा भारी नाद होता. वर्षातून एकदा कारखान्याचे संमेलन भरायचे, त्यात त्यांची नक्कल ठरलेली. त्या नकलेसाठी ताईने मला शिवले. शाळेच्या गणवेशाचा राखाडी तुकडा, नर्सच्या झग्याचा पांढरा आणि पहारेकऱ्याच्या शर्टाचा निळा असे तुकडे जोडून तिने माझी खोळ केली. बेंबीचे बटण लावताना ती म्हणाली, "हे तुटणार नाही. तू तुटलास तरी हे राहील." मास्तर हसले. मला तेव्हा बहीण-भावांच्या बोलण्याची सवय नव्हती, त्यामुळे मी जरा दचकले.

आमच्या संमेलनाचा एक रिवाज होता. ज्याची नक्कल होई, त्याने नंतर रंगमंचावर यायचे, मला स्वतःच्या कमरेला बांधायचे आणि मास्तरांना भर सभेत एकच उलट उत्तर द्यायचे. त्यावर मास्तरांनी तोंड उघडायचे नाही. एका वर्षी त्यांनी मालकांची नक्कल केली. मालक कोणतेही कापड हातात घेतले की न बघताच 'छान, छान' म्हणत. मालक वर आले, त्यांनी मला बांधले आणि म्हणाले, "मास्तर कापड सरळ कापतात, म्हणून जीभ तिरकी चालवली तरी मी खपवून घेतो." लोक पोट धरून हसले. माझा मान त्या दिवशी केवढा वाढला! दुसऱ्या वर्षी ड्रायव्हरची पाळी आली. तो गाडी मागे घेण्याआधी भिंतीला दम देत असे. त्यानेही उत्तर दिले आणि पुढे महिनाभर सगळ्यांना ते पुन्हा पुन्हा ऐकवले.

या सगळ्यात एक गोष्ट फक्त मला माहीत होती. मी मास्तरांच्या छातीखाली घट्ट बांधलेले असे. पहिले हसू येईपर्यंत त्यांचे काळीज शिवणयंत्रासारखे धडधडत असे. लोकांना वाटे, हा माणूस किती बिनधास्त! असो. कौतुकाची ती वर्षे चांगली गेली.

मग एकदा ड्रायव्हर जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, "मास्तर, तुम्ही सगळ्यांना सोलता. ताईंना मात्र बरं सोडता. घरचं माणूस म्हणून का?"

तो सहज बोलला, पण मास्तरांच्या ते मनाला लागले. नक्कल करणारा माणूस दुसऱ्याच्या टोमण्याने इतका घायाळ होतो, हे पाहून मला आश्चर्य वाटले. आपण पक्षपाती नाही हे दाखवण्यासाठी त्या वर्षी त्यांनी ताईचीच नक्कल बसवली.

नक्कल हुबेहूब होती. ताई बटण नाकाशी नेऊन बघायची, मग बोटाने चाचपायची, मग पुन्हा नाकाशी न्यायची. मास्तरांनी बटण नाकाशी नेले, हुंगले, त्याची खुशाली विचारली. सभागृह खदखदून हसले. समोरच्या रांगेत ताईही हसली, मी पाहिले. हसल्या नाहीत त्या एकट्या सुपरवायझर बाई. त्या मास्तरांकडे बघतच नव्हत्या. त्या ताईकडे बघत होत्या.

"ताई, या वर! उत्तर द्या!" सगळे ओरडले. ताई उठली. पायऱ्यांपाशी आली. सगळा उजेड रंगमंचावर होता आणि खाली काळोख. तिने एक पाय पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. मग ती वळली आणि सरळ दाराबाहेर गेली.

"रुसल्या," कुणीतरी म्हणाले.

"हल्ली कुणाला काही सहनच होत नाही," दुसरा म्हणाला.

मास्तर मला बांधूनच उभे होते. पहिले हसू कधीच येऊन गेले होते, तरी त्यांचे काळीज धडधडत होते.

पुढच्या कामाच्या दिवशी सुपरवायझर बाईंनी ताईचे शर्ट तपासले. काही काजे चुकीच्या जागी पडली होती. बाई वाईट नव्हत्या, पण शर्ट त्यांच्या सहीने बाहेर जात. त्यांनी ताईला मशीनवरून उठवून घडी घालण्याच्या टेबलावर बसवले. ज्या मशीनच्या आवाजावरून तिला सुई बोथट झालेली कळायची, ते मशीन दुसऱ्या मुलीकडे गेले.

दुपारी ताई भावाजवळ आली. "तुला माहीत होतं माझ्या डोळ्यांचं, आणि तू ते सगळ्यांना दाखवलंस."

"मला काय माहीत? तू सांगितलंस का कधी?"

"सांगायला कशाला हवं? रोज शेजारी उभा असतोस."

"आणि तू? चारचौघांत पाठ फिरवून गेलीस. मालकसुद्धा वर येतात, तुला एक उत्तर देता आलं नाही? एवढा राग?"

ताईने डब्यातला अर्धा भाग झाकणात काढून त्याच्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि ती निघून गेली. त्यानंतर ती रोज तसेच करी. डबा यायचा, बोलणे यायचे नाही. मास्तर खाली मान घालून जेवत. त्यांना बहिणीचा राग आला होता आणि स्वतःचाही, पण स्वतःवरचा राग ते तिच्याच खात्यावर टाकत. मला याचे फार वाईट वाटले.

पुढचे संमेलन जवळ आले तेव्हा ऑफिसने सांगितले की नक्कल कुणाची करायची ते आधी विचारून ठरवा. मग काय, ज्याला त्याला तोंड फुटले. ड्रायव्हर म्हणाला, ड्रायव्हर नको. हिशेबनीस म्हणाले, टक्कल नको. इस्त्रीवाला म्हणाला, घामावरून काही नको. गंमत अशी की यातल्या प्रत्येकाने आदल्या वर्षी ताईला रुसूबाई म्हटले होते.

"मग पोट बांधून मी करू काय?" मास्तर म्हणाले. "थंडी वाजते म्हणून बांधू?"

संमेलनाच्या संध्याकाळी ते मला काखेत मारून रंगमंचावर आले आणि म्हणाले, "यंदा नक्कल नाही. यापुढेही नाही. हे पोट मी परत करायला आणलंय." माझ्या पोटात गोळा आला. म्हणजे सगळ्या मलाच.

तेवढ्यात समोरून आवाज आला, "थांब. माझं उत्तर राहिलंय."

ताई उठली होती. ती पायऱ्यांपाशी आली आणि थांबली. तिने एक पाय पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. पायाने ती पायरी शोधत होती.

मास्तरांनी ते वरून पाहिले. आदल्या वर्षीही ते याच जागी उभे होते, पण तेव्हा त्यांचे लक्ष लोकांकडे होते. मी त्यांच्या काखेत होते. त्यांचा श्वास अडकलेला मला कळला.

"ताई," ते हळूच म्हणाले, "तुला पायरी दिसत नाहीये."

"गेल्या वर्षीही दिसली नव्हती," ताई म्हणाली.

मास्तर धडाधड खाली उतरले. त्यांनी तिचा हात धरला आणि एकेक पायरी सांगत तिला वर आणले. ताईने मला घेतले, चाचपून बेंबी शोधली, म्हणजे पुढची बाजू कोणती ते तिला कळले, आणि मला कमरेला बांधले. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच तिच्या काळजाजवळ आले होते. तेही मशीनसारखेच धडधडत होते.

"हा माझा भाऊ," ती लोकांना म्हणाली. "शेवटच्या रांगेत कोण हसलं नाही, ते याला इथून दिसतं. शेजारी बसलेल्या बहिणीचे डोळे अधू झाले, ते दिसलं नाही. काय करणार? आमच्या घरात दृष्टी सगळ्यांचीच कमी आहे."

क्षणभर कुणाला हसावे की नाही ते कळेना. पहिले हसले मास्तर. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मग सारे सभागृह हसले. सुपरवायझर बाईही हसल्या. मास्तरांनी रिवाजाप्रमाणे तोंड उघडले नाही, फक्त तिचा हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पायऱ्यांच्या कडांना पांढरा रंग लावला आणि ताईला डॉक्टरांकडे नेले. एका डोळ्याला थोडा गुण येईल, असे डॉक्टर म्हणाले. मशीन काही तिला परत मिळाले नाही. ती आजही घड्याच घालते. पण डबा आता एकत्र उघडतो आणि जेवताना ती त्याला टोमणे मारते. नकलाही पुन्हा सुरू झाल्या. ज्याची करायची, त्याच्याजवळ मास्तर आधी घटकाभर जाऊन बसतात. काही नकला त्यामुळे रद्द होतात. ज्या उरतात, त्या चांगल्या होतात.

मित्रांनो, माझी बेंबी आता सैल झाली आहे. ती कुणीतरी घट्ट करा, पण घाबरून मला उसवू नका. हसणाऱ्यांच्या गर्दीत एखादा हसला नाही, उठून गेला, तर तो रुसला असे लगेच म्हणू नका. आधी खाली उतरा आणि त्याच्या पायरीवर उजेड आहे का, ते बघा.