नाकामुराबाई आणि आमचा कुकर

"जपानी माणसाच्या मनात काय चाललंय, हे अख्ख्या अमेरिकेत फक्त मला कळतं," असं मोहन सबनीसने जाहीर केलं, तेव्हा तो शॉमबर्गच्या भाड्याच्या घरात दुधाची रिकामी बाटली विसळत होता. बाटली फेकायचीच होती. पण योकोहामात नऊ वर्षं काढलेला माणूस कचऱ्यालाही आंघोळ घालूनच निरोप देतो.

निमित्त खालच्या मजल्यावरच्या नाकामुराबाईंचं. सकाळी लिफ्टमध्ये भेटल्या आणि हसून म्हणाल्या, "तुमच्या कुकरची शिट्टी रोज सकाळी ऐकू येते. छान वाटतं!"

"संपलो आपण," मोहन म्हणाला.

"अरे, छान वाटतं म्हणाल्या ना त्या?" त्याच्या बायकोने, प्रतिमाने विचारलं.

"तीच तर तक्रार! योकोहामातल्या खालच्या आजी घरभर उड्या मारणाऱ्या अदितीला 'किती उत्साही मुलगी' म्हणायच्या. आपण खूश होऊन त्यांना बेसनाचे लाडू नेऊन दिले. पुढच्याच महिन्यात मालकाने घर सोडायला लावलं. विसरलीस?"

प्रतिमा विसरली नव्हती. लीज रिन्यू व्हायची होती, अदितीचं हायस्कूलचं शेवटचं वर्ष होतं, आणि पुन्हा खोकी बांधायची तिच्यात ताकद नव्हती.

"बाबा, शी इज जस्ट बीइंग नाइस," अदिती म्हणाली.

"तू गप्प बस. नाइस हेच डेंजर असतं."

कुकर कपाटात गेला. आठवडाभर डाळ पातेल्यात शिजली, म्हणजे वरणात डाळ मोजता येत होती. सगळे मोज्यांवर चालू लागले. मोहन तर शिंक आली की उशी शोधायला धावायचा.

शुक्रवारी संध्याकाळी दार वाजलं. दारात नाकामुराबाई! मोहन कमरेत वाकला, ठेवणीतलं सर्वांत नम्र जपानी बाहेर काढून त्याने आजवरच्या सगळ्या त्रासाची क्षमा मागितली आणि हळूच मान वर केली. बाई भांबावल्या होत्या.

"सॉरी हं, मला जपानी येत नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "माझे आजोबासुद्धा कॅलिफोर्नियात जन्मले. मी विचारायला आले, घरात कुणी आजारी आहे का? शिट्टी ऐकू येत नाही. तिसऱ्या शिट्टीला मी नवऱ्याला उठवते. या आठवड्यात तो रोज ऑफिसला उशिरा पोचला."

"म्हणजे त्या दिवशी छान वाटतं म्हणालात, ते..."

"छान वाटतं म्हणून."

मोहनने आठवड्यात पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. आत प्रतिमाने तर कुकर काढून तूरडाळ धुवायलाही घेतली होती. "टोल्ड यू," अदिती म्हणाली, आणि मोहनला लेकीचे हे दोन शब्द आयुष्यात प्रथमच गोड लागले.

बाई जाता जाता दारात थबकल्या.

"एक छोटीशी रिक्वेस्ट होती..."

मोहन पुन्हा अर्धा वाकला.

"उद्या शनिवार आहे. उद्या तेवढी नऊनंतर वाजवाल?"