बद्द की खणखणीत

मिस्त्रींना दिसेल ती वस्तू ठोकून पाहायची खोड होती. कलिंगडवाल्याच्या ते नाकी नऊ आणत. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याच्या पाठीवर दिलेली थाप नेमकी कशासाठी होती, हे बायकोने अजून विचारलं नव्हतं. लेकीच्या शाळेच्या दर निकालाला तिच्या डोक्यावर बोटाने दोनदा ठोकायचं आणि काही न बोलता निघून जायचं, ही त्यांची रीत. चाळीस वर्षं इंजिनं दुरुस्त केलेल्या माणसाचा डोळ्यांपेक्षा कानावर भरवसा. धड लोखंड खणखणीत बोलतं, तडकलेलं बद्द वाजतं, एवढंच त्यांचं शास्त्र.

ती लेक आता समुद्रात बुड्या मारून जुनी जहाजं शोधायची. दीडशे वर्षांपूर्वी बुडालेल्या एका जहाजाचं वाफेचं इंजिन अखंड वर काढायचं म्हणून तिने तीन वर्षं घातली होती. क्रेन आजच्या दिवसापुरतीच मिळाली होती, आणि उद्यापासून समुद्र खवळणार होता. बापाला तिने क्रेनच्या सपाट बार्जवर आणलं ते "नुसतं बघायचं हं, बाबा" अशी तंबी देऊन.

ती खाली गेली, इंजिनाच्या शाफ्टला तारेचा दोर अडकवला. क्रेनवाल्याने तो जरासा ताणला. ताठ दोर बघून मिस्त्रींचे हात शिवशिवले. जवळचा लांब पाना उचलून त्यांनी एक टोक दोराला लावलं, दुसरं कानाला. खाली लेक हातोडीने शाफ्टवरचे शिंपले पाडत होती. ठोका दोरातून वर आला. बद्द. पुन्हा बद्द.

मिस्त्रींनी पाणबुड्यांशी बोलायचा फोन ओढून घेतला. "शाफ्ट तडकलाय. उचलू नकोस."

"बाबा, तपासलाय मी. काही दिसत नाही."

"दिसत नसेल. वाजतोय. इंजिनाखालची बैठक ठोक बघू."

या वेळी दोर खणखणला. क्रेनवाला गालात हसत होता. दोर सोडून दुसरीकडे बांधायला दोन तास लागणार होते आणि दिवस कलायला लागला होता. आपला कान चुकला तर पोरीची तीन वर्षं पाण्यात जातील, या विचाराने इंजिनाआधी मिस्त्रींचाच जीव टांगणीला लागला.

मग लेक म्हणाली, "दोर सैल करा. बैठकीला बांधतेय."

दिवस मावळताना इंजिन अख्खं वर आलं. शेवाळ धुतल्यावर शाफ्टवर बोटभर खोल चीर दिसली. क्रेनवाल्याने गुपचूप आपला चहा मिस्त्रींच्या हातात दिला.

लेक ओल्या कपड्यांतच समोर आली आणि डोकं वाकवून उभी राहिली. "ठोका. आणि आज उत्तर द्यायचं. शाळेपासून राहिलंय."

मिस्त्रींनी बोटाने दोनदा ठोकलं.

"खणखणीत," ते म्हणाले. पण आवाज त्यांचाच बद्द निघाला.