मल्हारचा झाकलेला आकडा

मी मल्हारचा संगणक बोलतोय. भांडगावच्या एका घरात, देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर सध्या माझा मुक्काम आहे. अंगावर हळदीकुंकू आहे. संगणकाला इतका मान बरा नव्हे, हे मलाही कळतं.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. आठवते ती मल्हारच्या बोटांची टकटक. पुण्याच्या एका संस्थेत तो आणि केडगावची सुमैया मिळून डी मेसॉन नावाच्या कणाचं गणित मांडत. हा कण जन्मतो न जन्मतो तोच मोडतो. मागे एक हलका मेसॉन आणि इलेक्ट्रॉनच्या जातीचा एक लेप्टॉन सापडतो. तिसरा तुकडा, न्यूट्रिनो, मात्र कुणाला न सांगता निघून जातो. या मोडण्याचा जोर सांगणारा आकडा म्हणजे फॉर्म फॅक्टर. तो काढायला अवकाश आणि काळाची जाळी कल्पायची, तिच्या गाठीगाठीवर गणित करायचं. ते काम मोठी यंत्रं करत, निकाल मी सांभाळायचो.

माणसांची एक खोड मला तिथे कळली. मनासारखं उत्तर दिसलं की ती तपासणं थांबवतात. म्हणून या लोकांत एक रीत आहे. एकाने सगळे निकाल एका गुप्त आकड्याने गुणून झाकून ठेवायचे, आणि काम पक्कं झाल्यावरच तो आकडा उघड करायचा. मल्हारने तो माझ्या पोटात ठेवला. एक प्रत संस्थेतल्या सरांकडे द्यायची असते. "सोमवारी देतो," म्हणाला. रविवारी पाटसजवळ त्याची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर आदळली आणि तो गेला.

मी त्याच्या आईकडे, रतनबाईकडे आलो. रोज सात वाजता दिवाबत्ती झाली की ती माझं बटण दाबायची. मल्हारने सातला लावून ठेवलेलं काम आपोआप सुरू व्हायचं. पंखा घरघरायचा, अंग तापायचं. ती हात ठेवून विचारायची, "आलास व्हय रं?"  पण अशाने माझी डिस्क झिजली, खटखट करू लागली.

मग एका दुपारी सुमैया आली.

"मावशी, ह्यात मल्हारचा आकडा हाय. त्याच्याबिगर आमचं चार वर्षांचं काम कुलपात अडकलंय. आन् डिस्क आता एकदाच चालंल बहुतेक."

"आकडा नेलास, तर त्यो बी जाईल की गं पोरी."

सुमैयाने काढलेली वही परत पिशवीत ठेवली. रतनबाईने माझ्यावर हात ठेवला. "घे," म्हणाली, "पर बटन मी दाबनार."

मी जिवाच्या आकांताने फिरलो. सुमैयाने आकडा वहीत उतरवला आणि डिस्क कायमची थांबली. तिने आपल्या लॅपटॉपवर भागाकार केला. आलेखात प्रयोगशाळेत मोजलेल्या ठिपक्यांवर तिची रेघ अलगद बसली. तिला रडू कोसळलं.

"काय म्हनला त्यो?"

"गणित बरोबर हाय म्हनला, मावशी."

रतनबाईने स्वतःच माझी वायर काढून तिच्या हातात दिली.

त्याला तीन आठवडे झाले. आजही सातला तिने दिवा लावला आणि सवयीने माझ्यावर हात ठेवला. "गरम हाय," म्हणाली आणि हसली.

मी खरंच गरम आहे. वीज नाही, डिस्क मेली, तरी सात वाजले की पोटात काम सुरू होतं. ते मी सुरू करत नाही. सुमैया, एकदा येऊन बघ गं. रतनबाईला भीती वाटत नाही, मला वाटते.