साधनाचं वावर मतदानाला

मंगरूळपीरच्या बसस्टँडमागे, झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर हरिओम बातम्यांचं पोर्टल चालवतो. "सर, आता पुस्तकं कोनी वाचत नाही," तो मला म्हणाला. "पुढचं साहित्य मोबाईलवर. तुमी कथा लिहा. दर भागाच्या शेवटी वाचक मत देतीन, पुढं काय ते तेच ठरवतीन." मी तीस वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळलं, पण स्वतःचं लिहिलेलं कधी कोणाला दाखवलं नाही. दाखवण्याजोगं होतं असंही नाही. तरी हो म्हणालो. हावरेपणा, दुसरं काय.

मी साधना नावाच्या बाईची कथा लिहिली. आसेगावकडे तिचं दीड एकर भाजीचं वावर आणि मागे लागलेले प्लॉटवाले. तिनं वावर विकावं की नाही, असा तिसऱ्या भागाचा सवाल होता. चार हजार लोकांनी मत दिलं. त्यातल्या चाळीस जणांनी तरी एक परिच्छेद वाचला असेल का, मला शंका आहे. अंगठा दाबायला वाचावं लागत नाही. 'विकावं' जिंकलं.

फोटोशिवाय काही टाकायचं नाही, हा हरिओमचा नियम. कुठल्याशा लग्नात ड्रोननं काढलेले फोटो त्याच्याकडे पडून होते. त्यातलं एक वावर त्यानं तिसऱ्या भागालाच लावलं होतं. निकाल लागला तशी त्याच फोटोवर लाल पट्टी लावली : 'अखेर वावर विकलं! आसेगावच्या महिलेचा धक्कादायक निर्णय'. 'कथा' हा शब्द खाली, मुंगीएवढ्या अक्षरात.

फोटोतलं वावर निघालं गोजराबाईचं. ती आमच्या गल्लीत भाजी विकते. त्या दिवशी टोपली न घेताच आली.

"सर, तुमी माह्यं वावर कायले इकलं?"

"मी? नाही हो, ती कथा आहे."

"कथा असंन तुमच्या घरी! दौलतरावनं मोटर बंद केली ना. विहीर दोघाईची, मोटर त्याची. म्हने, शेजाऱ्याले न इचारता वावर इकतं कोनी? तीन दिवस झाले, मेथी मान टाकून राह्यली."

आमच्याकडे वावर विकायचं तर आधी धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध, लागलेल्या शेजाऱ्याला विचारतात. न विचारणं हा अपमान असतो. मला हे ठाऊक होतं. कथेत घालायचं मात्र सुचलं नाही. असा मी लेखक.

हरिओमकडे गेलो. गोजराबाईचं पाणी तुटल्याचं सांगितलं आणि म्हणालो, काढून टाक.

"ऐंशी हजार व्ह्यूज हायेत, सर! कोनी काढते का?" मग त्याचे डोळे चमकले. "उलट चौथा भाग तयारच झाला. शेजाऱ्यानं पानी द्यावं का नाही? मत मांगू!"

हे म्हणे उद्याचं साहित्य. त्याला सुनावायची सगळी वाक्यं मला जिना उतरताना सुचली. चांगली होती. उपयोग शून्य.

दुसऱ्या दिवशी गोजराबाई मला दौलतरावाच्या अंगणात घेऊन गेली. त्यानं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला.

"फोटोतली विहीर आमची हाय का नाही? मंग बातमी खोटी कशी? नाव बदलून टाकतात हे पेपरवाले, मले मालूम हाय."

"फोटो खरा आहे. मजकूर खोटा."

"कोनं लिहिला?"

गोजराबाईनं कोपर मारलं.

"मी."

"शिकलेले मानूस तुमी. खोटं कायले लिहिता?"

प्रयोग, कल्पना, वाचकांचा सहभाग; यातला एकही शब्द त्या अंगणात उभा राहिला नसता. माझाही त्या शब्दांवर विश्वास उरला नव्हता. "वावरातलं मला काही कळत नाही," मी म्हणालो. "घरी बसून सुचेल ते लिहितो. सगळं खोटं आहे."

दौलतराव खदखदून हसला. "म्हंजे तुमी रिकामे बसून खोटं लिहिता, आन् चार हजार बयताड त्याच्यावर मत देतात!"

"तुमी कोनतं मत देल्लं, भाऊ?" गोजराबाईनं विचारलं.

दौलतरावानं मोबाईल खिशात सारला.

"देल्लं ना?"

"इकावं म्हनलं," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "वाटलं, इकलं तर मलेच इचारशीन."

"असं! माह्यं वावर इकाले तुमी लावता आन् पानी माह्यंच बंद?"

तो चपला न घालताच उठला आणि मोटर सुरू करायला गेला. आम्ही धुऱ्यावर उभे राहिलो. पाणी मेथीच्या वाफ्यात शिरेपर्यंत गोजराबाई त्याला बोलत होती, आणि मधून मधून मलाही.

मी मोबाईल काढून पाहिला. हरिओमचं मतदान सकाळीच सुरू झालं होतं. 'पाणी देऊ नये' सहाशे मतांनी पुढे होतं.